दुर्मिळ मापाचं पूल टेबल

४ मार्च, बुधवार

आधी एक दुरुस्ती. परवा मी लिहिलं होतं, 'आज एक पुरातन पूल टेबल खरेदी केलं.' हे तितकंसं बरोबर नाही. मी जुन्या सामानाच्या दुकानात पुस्तकांचं कपाट घ्यायला गेले होते. कपाट आदल्या दिवशीच विकलं गेलं होतं. रिकाम्या हाताने परत यायला मला जमत नाही, दुकानदाराला वाईट वाटतं. शिवाय 'पुरातन' हे मी अजून सिद्ध केलेलं नाही. तोपर्यंत 'जुनं' असं वाचावं.

कोणी वाचावं? कोणीच नाही. ही वही माझ्यापुरतीच आहे. तरी चूक ती चूक. लक्षात आली की लगेच आणि लेखी सुधारायची, ही बाबांची शिस्त. पहिली चार वर्षं मी घरीच शिकले. बाबा मास्तर, आई तपासनीस, आणि शिक्षा म्हणून आत्या. वर्गात मी एकटीच. दरवर्षी पहिला नंबर.

टेबल पुढच्या खोलीत ठेवलंय. म्हणजे पुढची खोली आता टेबलाच्या कडेकडेने आहे. सोफा बाल्कनीत गेला. आत्याही सोफ्याबरोबरच गेली, कारण ती उठायला तयार नव्हती.

५ मार्च, गुरुवार

टेबल का घेतलं ते लिहून ठेवते. एका लिलावघरात जुन्या फर्निचरच्या विभागात सहायक हवी आहे. अर्जासोबत स्वतः ओळखलेल्या आणि स्वतः दुरुस्त केलेल्या एका वस्तूची माहिती पाठवायची आहे. सध्या मी दातांच्या दवाखान्यात फोनवर अपॉइंटमेंट देते. डॉक्टर चांगले आहेत. पण सगळा जन्म ड्रिलच्या आवाजात घालवायचा नाही. ही नोकरी मला इतकी हवी आहे की घरात कोणाला सांगितलेलंही नाही. फक्त आईला सांगितलंय. आईने सगळ्यांना सांगितलंय.

ओळख पटवण्याचं काम सुरू. दुकानदाराला विचारलं होतं, टेबल किती जुनं? म्हणाला, मी आलो तेव्हापासून इथेच आहे. तो साठीचा तरी असेल. म्हणजे टेबल किमान साठ वर्षांचं.

चांगल्या टेबलात कापडाखाली दगडी फरशी असते. ते उचलायला पाच-सहा माणसं लागतात, असं वाचलं. आमचं टेबल दोघा हमालांनी दोन मजले चढवलं. एकाच्या मेव्हण्याच्या स्कूटरबद्दल गप्पा मारत चढवलं. काय ताकद असते एकेकाची.

संध्याकाळी खालचे काका आले. त्यांचं घर बरोबर आमच्या खाली. विचारत होते, काय गं, माझं छत टिकेल ना. मी प्रामाणिकपणे दगडाचं वजन सांगितलं. ते खालीच बसले. आईने पाणी दिलं.

७ मार्च, शनिवार

मापं घेतली. आमच्या टेपबद्दल लिहिणं भाग आहे. मी लहान असताना त्याचं पुढचं टोक दारात सापडून तुटलं. तेव्हापासून तो चार इंचांपासून सुरू होतो. नवा आणायचा विषय निघाला तेव्हा बाबा म्हणाले होते, वजाबाकी येत असेल तर टेपला काय झालंय? माझी वजाबाकी त्या टेपवरच पक्की झाली. आता हात आपोआप चार वजा करतो. मागे डॉक्टरांनी माझी उंची मोजून सांगितली, तर मी मनातल्या मनात चार इंच कमी केले आणि आठवडाभर खचून होते.

बाबांनी टेप धरला, आकडे सांगितले. मी चार वजा करून लिहिले. पुन्हा घेतले. तेच आले. खेळायची जागा: रुंदी चाळीस इंच, लांबी चौऱ्याऐंशी. दोनदा तेच येणं म्हणजे शास्त्रच झालं.

८ मार्च, रविवार. दुपार

लायब्ररीतल्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: पूल टेबल लहान असो की मोठं, खेळायच्या जागेची लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असते. आमचं तसं नाही! चाळीसची दुप्पट ऐंशी. आमचं चार इंच जास्त आहे. म्हणजे हा नियम ठरण्याच्याही आधीचं टेबल.

आत्या बाल्कनीतून म्हणाली, नाहीतर सुताराचं गणित कच्चं असेल. दुर्लक्ष केलं.

लिलावघराच्या विभागप्रमुख मॅडमना ईमेल लिहिला. आधी लिहिलं, 'अशा मापाचं टेबल कुठेही नोंदलेलं नाही.' हे फार झालं. मग लिहिलं, 'माझ्या माहितीप्रमाणे नोंदलेलं नाही.' हे खरं होतं. पण सारखं माझं माझं करणं बरं दिसत नाही, म्हणून नम्रपणे 'माझ्या माहितीप्रमाणे' काढून टाकलं. पाठवला.

११ मार्च, बुधवार

टेबलाच्या एका अंगाला उभी, बारीक खाच आहे. शेजारी आत ढकलायचा दांडा. आई म्हणाली, नाणं टाकायची खाच आहे ती. मी तिला समजावलं की त्या काळची श्रीमंत माणसं स्वतःच्या घरात नाणी टाकून खेळत नसत. ही हवा खेळती राहावी म्हणून असणार. लाकूड श्वास घेतं.

आई म्हणाली, मग वर नाण्याचं चित्र कशाला काढलंय?

ते कारागिराचं चिन्ह असावं. गोल आहे.

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा काठी हातात घेतली आणि पहिलाच चेंडू सरळ कोपऱ्यातल्या भोकात घातला. लहान मुलासारखे हरखले. पण चेंडू परत येईना. आत गडगडत गेला आणि कुठेतरी थांबला. बाबांनी हात घातला. हातही परत येईना. आईने कोपरापर्यंत साबण चोळला. आत्या म्हणाली, आत गेलाच आहेस तर माझा चष्मा दिसतो का बघ. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून खालचे काका वर आले. बाबांकडे बघून मला म्हणाले, परवा वजन सांगितलंस ते यांना धरून की यांच्याशिवाय?

हात निघाला. चेंडू नाही. मौल्यवान चेंडू हाताळले जाऊ नयेत म्हणून केलेली सोय असणार. नोंद केली.

१४ मार्च, शनिवार

आजपासून प्रत्यक्ष दुरुस्ती. जुनं पॉलिश काढायचं द्रावण आणलं, एका पायापासून सुरुवात केली. फडकं फिरवलं आणि लाकडाच्या रेषा फडक्यावर आल्या. सगळ्या. गाठीसुद्धा. खाली पिवळट भुसकट दाबून केल्यासारखं काहीतरी.

मग लख्ख प्रकाश पडला. जुने कारागीर लाकडाच्या रेषा हाताने रंगवायचे! म्हणजे मी कोणाची तरी अस्सल चित्रकला पुसून टाकली. थोडी रडले.

संकल्प: रोज अर्धा तास तपकिरी स्केचपेनने रेषा परत काढायच्या. एक पाय झाला. आत्या म्हणाली, झेब्रा छान जमलाय, आता शेपटी काढ.

१७ मार्च, मंगळवार

मॅडमचा फोन!! दवाखान्यात असताना. समोर एक गृहस्थ तोंड उघडं ठेवून बसले होते, त्यांनाच आधी सांगावंसं वाटलं. मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं या कामात आहे, पण लांबी दुप्पट नसलेलं टेबल मी पाहिलेलं नाही. शनिवारी, २८ तारखेला, त्या स्वतः बघायला येणार आहेत. म्हणाल्या, माप तुम्ही लिहिलंय तसंच निघालं तर मुलाखत तिथेच झाली असं समजा.

डॉक्टरांना अंधारात ठेवणं बरं नाही म्हणून लगेच सांगून टाकलं की मी बहुधा नोकरी सोडेन. म्हणाले, उत्तम, माझी भाची एक तारखेपासून येऊ शकते. इतक्या आनंदाने म्हणायची काही गरज नव्हती.

घरी आईने विचारलं, बहुधा म्हणालीस ना नक्की? म्हटलं, मी म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. आई म्हणाली, म्हणजे आता ही नोकरी मिळायलाच हवी. हो. मिळायलाच हवी.

१९ मार्च, गुरुवार

जुनं कापड काढलं. खाली दगड नाही. टकटक केलं तर दारावर केल्यासारखा आवाज आला. बाबा सवयीने म्हणाले, कोण आहे?

विचार केल्यावर हेही जुळतं. प्रवासात बरोबर नेता यावं म्हणून हलकं बनवलं असणार. खालच्या काकांना कळवलं. इतका आनंद झालेला माणूस मी फार दिवसांत पाहिला नव्हता. वर येऊन दोन कप चहा प्यायले आणि टेबलाला थोपटून गेले.

दवाखान्यातून येताना पुन्हा जुन्या सामानाच्या दुकानात डोकावले, एक तपशील पक्का करायला. दुकानदाराने हे दुकान दोन वर्षांपूर्वी चालवायला घेतलंय. म्हणजे टेबल किमान दोन वर्षांचं आहे. हे आता निश्चित. निश्चित माहिती कधीही चांगली.

२१ मार्च, शनिवार

नवं हिरवं कापड आलं. कापडवाल्याने फोनवर विचारलं होतं, मुडपायला सढळ हाताने जास्त धरू का? मी म्हटलं होतं, नको, माप काटेकोर आहे, बेताचंच ठेवा. आम्ही चौघांनी चार कोपरे धरले. कापड काठापर्यंत आलं आणि संपलं. मुडपायला काहीच नाही. चौघं चार दिशांना ओढत होतो. आत्या म्हणाली, चादर आखूड पडली की पाय पोटाशी घेता येतात, याचे कसे घेणार?

मी म्हटलं, त्याने चुकीचं कापलं. खात्री करायला परत मोजायचं ठरलं. बाबा टेप धरून आकडे सांगायला लागले. माझ्या हातात कापड होतं, म्हणून लिहायला आई.

आईने चव्वेचाळीस आणि अठ्ठ्याऐंशी लिहिलं.

मी म्हटलं, आई, चार वजा कर.

आई म्हणाली, अगं, कशातून? हे वजा करूनच सांगतात की.

मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, हो, मी करूनच सांगतो. मी म्हटलं, वाचणाऱ्याने वाचायचं, वजाबाकी लिहिणाऱ्याने करायची, हा तुमचाच नियम! बाबा म्हणाले, तो वर्गातला. तू शाळेत जायला लागलीस, मग लिहायला कोणी राहिलं नाही. मीच करायला लागलो.

चव्वेचाळीसची दुप्पट अठ्ठ्याऐंशी. बरोबर दुप्पट. जगातल्या प्रत्येक पूल टेबलासारखं.

मग आईची नजर पडद्यांकडे गेली. मग आमची सगळ्यांचीच. आमच्या घरचे सगळे पडदे जमिनीपासून चार बोटं वर आहेत. पाहुण्यांना आम्ही सांगतो, झाडायला बरं पडतं.

२२ मार्च, रविवार

दुरुस्ती. ७ मार्चच्या नोंदीत 'चाळीस'च्या जागी 'चव्वेचाळीस' आणि 'चौऱ्याऐंशी'च्या जागी 'अठ्ठ्याऐंशी' वाचावं. ८ मार्चच्या नोंदीतलं उद्गारचिन्ह वाचू नये.

केली. लगेच आणि लेखी. बाबांना दाखवली. त्यांचे डोळे भरून आले, म्हणाले, शिकवलेलं वाया गेलं नाही.

आई म्हणाली, वहीत झाली. मॅडमना कधी सांगतेस? त्या बाई एवढ्या लांबून येणार.

म्हटलं, सांगणार आहे.

आई म्हणाली, फोन आण. आत्ता कर. मी शेजारी उभी राहते, काही बोलणार नाही. म्हटलं, आज रविवार. कोणाच्या सुट्टीत आपलं रडगाणं नको. आई म्हणाली, मग उद्या. म्हटलं, उद्या.

सांगितलं तर नोकरी गेली. दवाखान्यातली तर आधीच गेलीय. बाबांनी शनिवारसाठी शर्टाला इस्त्री करून ठेवलीय.

२३ मार्च, सोमवार

सोमवार असल्यामुळे फोन केला नाही. आठवड्याच्या पहिल्याच दिवशी माणसं त्रासलेली असतात.

एक वेगळा विचार सुचला. मी पाठवलेलं माप चुकीचं आहे, हे एका बाजूने बघणं झालं. दुसऱ्या बाजूने बघितलं तर टेबल चुकीचं आहे. आणि टेबल दुरुस्त करणं हेच तर माझं काम. चारही कडांना आतून दोन-दोन इंचांच्या पट्ट्या बसवल्या की माप माझ्या ईमेलप्रमाणे होईल. मग तो ईमेल खोटा राहणार नाही.

बाबांना पटलं. आधी म्हणाले, हे बरोबर नाही. मग म्हणाले, पट्ट्या पाइनच्या घेऊ, कापायला सोप्या. संध्याकाळी दोन पट्ट्या लावल्या. त्यांची मापं घेताना मी वजाबाकी केली नाही, बाबा करतील म्हणून. बाबांनी केली नाही, मी करीन म्हणून. पट्ट्या चार-चार इंच लांब निघाल्या. एक अजून भिंतीत घुसलेली आहे.

आई कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, खोट्याचं खरं करायला सुतारकाम काढलंत दोघांनी? सांगायला दोन मिनिटं लागतात गं. चुका तू भराभर सुधारतेस, पण सगळ्या वहीतल्या वहीत.

हे लागलं. उद्या नक्की.

२४ मार्च, मंगळवार

दवाखान्यात आजपासून डॉक्टरांची भाची शेजारी बसून काम शिकतेय. तिला समजावलं की पेशंट फोन करून सबबी सांगतात: पाहुणे आलेत, गाडी बिघडलीय, आता दुखत नाही. दाढ किडलेली असते, यांना माहीत असतं, तरी पुढच्या आठवड्याचं बघू म्हणतात. मला अशा माणसांची मनापासून कीव येते, असंही सांगितलं. ती लिहून घेत होती.

मॅडमना फोन करायचा होता. पण भाची शेजारी होती. तिच्या देखत बोलले असते तर ऑफिसच्या फोनवर खासगी बोलतात असा तिचा समज झाला असता. नव्या मुलीला चुकीचं वळण नको.

घरी आले तर आई दारातच. केलास? म्हटलं, लाइन बिझी होती. (दुरुस्ती: लाइन मी लावलेली नव्हती.)

२५ मार्च, बुधवार

घसा बसल्यासारखा वाटतोय. फोनवर आवाज बसलेला आला तर मॅडमना वाटेल मी रडतेय, आणि त्या दया दाखवतील. मला दयेवर काही नको. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. दुपारी घसा पूर्ण बरा झाला, पण तोपर्यंत त्यांची जेवणाची वेळ.

पट्ट्या काढून टाकल्या. भिंतीतलीही. टेबलावर भोकं राहिली. आत्या म्हणाली, आता खरंच श्वास घेईल.

२६ मार्च, गुरुवार

मॅडमचाच फोन आला. मी उचलला, कारण नंबर ओळखला नाही.

शनिवारी चार वाजता येणार. लिलावघराचे संचालक बरोबर असतील, फोटोग्राफरही. गाडी ठरवून झाली. त्यांनी विचारलं, मापं तीच ना, तुमची खात्री आहे?

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. मी म्हणाले, मॅडम, मापं वडिलांनी आणि मी मिळून घेतली होती, घरच्या टेपने, दोनदा.

यातला एकही शब्द खोटा नाही.

मॅडम म्हणाल्या, दोनदा! इतक्या काटेकोर मुली आता कुठे भेटतात. मी थँक यू म्हटलं. फोन ठेवल्यावर आईने एवढंच विचारलं, संचालकांना चहात साखर चालते का, ते तरी विचारायचंस.

शनिवारी आत्या मैत्रिणीकडे जाणार आहे. तिला कोणी बोलावलेलं नाही. बाबांना त्याच दिवशी चार वाजता केस कापायला जायचंय. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला केस आहेत कुठे? म्हणाले, म्हणूनच लवकर जायला हवं. आई मात्र घरीच थांबणार. खालचे काकाही वर येणार आहेत, म्हणाले, मला हवं तर सांगतो त्यांना की टेबल हलकं आहे, त्याबाबतीत माझी खात्री आहे.

आता शांतपणे विचार केला. आज सांगितलं असतं तर ठरवलेली गाडी रद्द करायचा त्रास त्यांना झाला असता. उद्या त्या निघायच्या गडबडीत असतील. शनिवारी दारात आलेल्या पाहुण्यांना सांगणं तर उद्धटपणाच. रविवारी सुट्टी. सांगायचं हे मात्र पक्कं आहे, त्यात मागेपुढे नाही. लेखी नाही, तोंडी. आईला शेजारी उभी करून.

सोमवार, ३० मार्च. सकाळी अकरा वाजता.